भाऊबीजेचं लुगडं

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी आमच्या गावाहून, मुर्ध्याहून, मुंबईला एका मिलमध्ये कामाला जात असे. माझं काम कापड तपासायच्या खोलीत. कापडाच्या पट्ट्या कापायच्या, एक कोरडी आणि एक भिजवलेली, दोन्हींना ताण द्यायचा आणि कोणती कधी तुटते ते लिहून ठेवायचं. सुती पट्टी ओली झाली की उलट जास्त ताण सोसते. लोकर पाणी पिऊन आटते. खरं रेशीम ओलं झालं की थोडं हळवं होतं. पण नकली रेशीम, ज्याला बाजारात आर्ट सिल्क म्हणत, ते ओलं झालं की त्याची निम्मी ताकद जाते. ती पट्टी तुटताना आवाजसुद्धा येत नसे.

हे सगळं मी गावात ऐकवत फिरायचो. कापूस हवेतला ओलावा शोषतो त्याला मिलमध्ये ‘रिगेन’ म्हणतात, हे खाडीकाठच्या मिठागरात राबणाऱ्या माणसांना सांगताना मला फार मोठं झाल्यासारखं वाटे.

माझी थोरली बहीण खारी गावात दिलेली. तिला आम्ही बाय म्हणत असू. त्या भाऊबीजेला मी तिच्यासाठी चकचकीत जांभळं लुगडं नेलं. तिची सासू ओटीवरच बसली होती. तिच्या देखत मी म्हणालो, “अस्सल रेशीम आहे. मिलच्या माणसाची पारख.”

ते आर्ट सिल्क होतं. घेतानाच मला माहीत होतं. खरं रेशीम मला परवडत नव्हतं आणि बायच्या सासरी हलकं दिसायचं नव्हतं.

बायने लुगडं डोळ्यांना लावलं. तिच्या जन्मातलं ते पहिलं रेशीम.

पुढे शिमग्याला मी पुन्हा गेलो. बायने पेटीतून लुगडं काढून माझ्यापुढे ठेवलं. पदरापासून हातभर अंतरावर ते आडवं फाटलं होतं.

“एका हळदीला नेसले,” ती म्हणाली. “मग तळ्यावर धुतला. आपटला न्हाय, नुसता पिळला. तू कापडातला हायेस, मना सांग, माझा काय चुकला?”

आतून सासू बोलली, “मिठात राबलेले हात. त्यांना रेशीम काय कळनार?”

मी फाटलेल्या जागी बोट फिरवलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, “रेशीम असं पिळायचं नसतं, बाय.”

“आयकलास?” सासू म्हणाली.

बायने लुगडं घडी करून पेटीत ठेवलं आणि माझ्यासाठी भाकरी थापायला बसली. मी ती खाल्लीसुद्धा.

त्यानंतर खारीत कुणाच्याही घरी लग्न असलं की सासू ती गोष्ट काढी. माझ्यासमोरही काढी. मी मान खाली घालून पान खात बसे. लढाईत कापडाचं रेशनिंग आलं, तेव्हा जाडंभरडं नेसताना बाय हसून म्हणे, “माझ्या हातांना ह्येच बरा.” लोक हसत, आणि मला उठून जावंसं वाटे.

लढाई संपल्यावर बायच्या मुलीचं लग्न ठरलं. सासू तोवर गेली होती. मी बायसाठी खरं रेशमी लुगडं नेलं. तिने ते उलगडलंसुद्धा नाही, मुलीच्या पेटीत ठेवलं.

“माझ्या हातात रेशीम टिकत न्हाय,” ती म्हणाली.

तेव्हा मी सांगितलं. भाऊबीजेचं ते लुगडं नकली होतं, ओलं झाल्यावर कुणाच्याही हातात फाटलं असतं.

तिने पेटीचं झाकण लावलं. “तुना ठाऊक होता?”

“होतं.”

“मंग देतानाच, पिळू नको, येवढा तरी सांगायचा होतास.”

बाहेरून कुणीतरी तिला तांदूळ निवडायला हाक मारली. ती उठून गेली. लग्नात तिने मला मामाचा सगळा मान दिला, आणि तो घेताना मला मान वर करून कुणाकडेही पाहवलं नाही.