मनगटाचं माप

माझ्या धाकट्या दिरांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही, मनगट राहतं. उमापुरात कुणीही समोर आलं की भाऊजी आधी त्याचा डावा हात धरतात, घड्याळ वरखाली सरकवून बघतात आणि मगच जयभीम करतात. "ढिलं हाय. काढून दे, सकाळी घेऊन जा." समोरच्याच्या मनात असो की नसो. एकदा तालुक्याहून आलेल्या एका साहेबांचाही हात त्यांनी असाच धरला. साहेबांना वाटलं, हे वैद्य असतील. त्यांनी जीभसुद्धा बाहेर काढून दाखवली.

भाऊजी टाकीवरून गावाला पाणी सोडतात, त्यासाठी त्यांनी घड्याळ घेतलं. मोबाइलमध्ये वेळ दिसते, पण तो मनगटाला बांधता येत नाही म्हणून त्यांच्या कामाचा नाही. दुकानातला पट्टा मात्र त्यांना आठवडाभरही सोसला नाही. सायकलच्या ट्यूबचा झाला, दप्तराच्या बंदाचा झाला, जुन्या पर्सचा झाला, तुटलेल्या चपलेचाही झाला. हत्यारं सगळी बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात: दाभण, ब्लेड, मेण लावलेला दोरा. चामडं पाण्यात भिजवायचं, पाटावर कापायचं आणि कडा वाटीच्या बुडानं घासून गुळगुळीत करायच्या. माझ्या घरातल्या वाट्या आतून कमी आणि बाहेरून जास्त चकाकतात, त्या त्यामुळं. पट्टा तयार होईपर्यंत घड्याळ खिशात, आणि गावाचं पाणी देवाच्या भरवशावर. बाया रिकाम्या घागरी घेऊन ओट्यापाशी येतात. "भाऊ, पाणी कावून सोडलं न्हाई?" भाऊजी शांतपणे सांगतात, "पट्टा वाळला न्हाई आजून." शेजारच्या ट्रॅक्टरच्या सीटचा कोपरा गेला, तेव्हा मालकानं कुणाला काही विचारलं नाही. सरळ आमच्याकडं आला आणि भाऊजींचं मनगट बघून परत गेला.

गाव हसायचं. मला हसता यायचं नाही, लाज वाटायची. आमच्या घरानं चामड्याचं काम आजेसासऱ्यांच्या वेळेला टाकलं. गावाची मेलेली ढोरं ओढायची नाहीत म्हणून त्यांनी मार खाल्ला, उपास काढले. आणि त्याच घराच्या ओट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या देखत, भाऊजी मांडीवर चामडं घेऊन बसायचे. एकदा मी धीर करून बोलले. भाऊजी दोऱ्याला मेण लावत म्हणाले, "वहिनी, त्यांना करावंच लागत व्हतं. मला कोण म्हणलंय, कर म्हणून?" माझी लाज काही गेली नाही.

पुढं लेकीचा साखरपुडा ठरला. माजलगावची माणसं, मुलगा नोकरीला, त्याचे वडील रिटायर झालेले शिक्षक. मी भाऊजींना सांगितलं, "त्या दिवशी डबा बाहेर काढायचा न्हाई. त्यांनी बघितलं आन् सोयरीक मोडली तर?" भाऊजींनी मान हलवली आणि डबा स्वतःच धान्याच्या कोठीमागं ठेवून आले.

बुद्धवंदना झाली, कपडे दिले, लेकीच्या वडिलांनी जावयाच्या हाताला नवं घड्याळ बांधलं. जावयाचा हात इतका बारीक, की शेवटच्या भोकात घालूनही घड्याळ गर्रकन फिरून तळहाताकडं आलं. मुलाचा मामा मोठ्यानं म्हणाला, "घड्याळ नवरदेवाला घेतलं का त्याच्या बापाला?" सगळा मांडव हसला. लेकीच्या वडिलांची मान खाली गेली. भाऊजी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. जावयाचं घड्याळ घसरलं की त्यांचा खांदा हलायचा.

शेवटी लेकच म्हणाली, "काका, पाडा की एक भोक."

"तुझ्या आईला इच्यार."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. बाप्यामाणसांत मी कधी बोललेली नाही. पदर तोंडाशी धरून म्हणाले, "पाडा."

"काय म्हणल्या?"

"पाडा!" हे इतकं मोठ्यानं निघालं की मागं कुणाचं तरी झोपलेलं लेकरू उठून रडायला लागलं.

भाऊजींनी टोपीच्या शिवणीतून दाभण काढला. "डब्याचं बोलणं झालं व्हतं, वहिनी. दाभणाचं न्हाई." मागोमाग टोपीतूनच ब्लेड निघालं. त्यांनी भोक पाडलं, जास्तीचं टोक कापलं, कड बोटानं तपासली.

"हात लई बसलेला दिसतोय चामड्यावर," मामा म्हणाला.

भाऊजींनी मान वर केली नाही. "हौस हाय, मामा. तुमचं बी ढिलंच हाय."

मुलाच्या वडिलांनी आपलं घड्याळ काढून पुढं धरलं. "आधी माझं बघा. लई दिसांपासून फिरतंय." सोयरीक काही मोडली नाही. मी मात्र चहाच्या निमित्तानं आत गेले, ती पाहुणे निघेपर्यंत बाहेर आले नाही.

आता लेक माजलगावात नांदते. भाऊजींना जवळचं नीट दिसत नाही, दाभण चामड्यापेक्षा बोटातच जास्त जातो. तरी मध्यंतरी लेकीचं राहून गेलेलं छोटं घड्याळ त्यांनी मला पट्टा लावून दिलं. जावयाच्या पट्ट्याचं कापलेलं टोक जपून ठेवलं होतं, त्याची पट्ट्याचं टोक अडकवायची कडी केली होती. पट्टा करंगळीहूनही अरुंद.

"इतका बारीक कावून केला?" मी विचारलं.

"बांगड्यांत झाकून जातो. चार माणसांत तुमाला लाज वाटाय नको."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पट्टा घट्ट तर होत नाही ना, हे ते बोट घालून बघत होते. तेव्हापासून तो माझ्या हातात आहे. बाजारात गेले की हात अजूनही आपोआप पदराखाली जातो. झाकायची गरज नसते, बांगड्यांत तो कुणाला दिसतच नाही. माझ्यासाठी तसाच त्यांनी तो केलाय, आणि आता मला लाज वाटते ती या झाकण्याचीच.