परत येणारी पांढरी

वेल्सच्या डोंगरात इदवाल प्रिदर्कचं नाव त्याच्या निळ्या कुत्र्यांमुळे होतं. निळी म्हणजे राखाडी अंगावर काळे डाग उडालेली, जणू धुवायला टाकून मध्येच विसरलेली. मेंढ्या वळवायला काळं कुत्रंही तेवढंच कामाचं. पण निळ्यासाठी लोक तीन खोरी ओलांडून यायचे आणि कामासाठीच आलोय असं सांगायचे.

बापाने जाताना त्याला दोन नियम दिले होते. निळ्या मादीवर निळा नर घालायचा नाही. आणि पांढरं पिल्लू आलंच तर आईने चाटायच्या आत गोठ्यामागच्या पाण्याच्या पिंपात. का, ते बापाने सांगितलं नव्हतं. मेंढ्या पांढऱ्या कुत्र्याला जुमानत नाहीत, आपल्यातलाच समजतात, असं सगळं खोरं म्हणायचं. मेंढ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

बापाच्या वाणातली एकच मादी उरली होती, मेल. निळ्या आईची, पण स्वतः मधाच्या रंगाची; अंगावर एक डाग नाही. तिच्यावर इदवालने आपला ग्लास नावाचा निळा कुत्रा घातला. नियम पाळूनच.

पहिल्या वेतात एक पांढरी आली. इदवालने तिला पिंपात बुडवली, हात पुसले, चहा घेतला. दुसऱ्या वेतात पुन्हा एक पांढरी, डाव्या कानावर तोच काळा ठिपका. तिलाही बुडवली, पण चहा तसाच राहिला. तेव्हापासून तो पिंपाला वळसा घालून गोठ्यात जाऊ लागला. पाणी हलल्यासारखं वाटायचं. वाऱ्याने हलायचंच ते, पण वारा नसतानाही तो थांबून बघायचा.

तिसऱ्या वेताला पांढरी पहिलीच आली. डाव्या कानावर ठिपका. ती त्याचं बोट चोखू लागली.

"आलीस परत?" इदवाल म्हणाला, आणि तिला कोटाच्या खिशात घालून स्वयंपाकघरात आला.

त्याची बायको नेस्टा बटाटे सोलत होती. "आज पिंपाकडे नाही गेलास?"

"उपयोग काय? ती काय राहते का तिथे."

नेस्टाने त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि दूध गरम करायला ठेवलं.

पांढरी वाढली. हाक मारली तर वळायची नाही, टेबलाच्या पायाला धडकायची. पिंपातल्या पाण्याने कान भरले असणार, इदवालच्या मनात यायचं. तिला नाव त्याने ठेवलं नाही. आधीचीच आहे, नवं नाव कशाला. लाकडी जमिनीवर पाय आपटला की ती हादऱ्याच्या रोखाने यायची. शेजारचा ह्यूज म्हणाला, "वा! आता मेंढ्यांसमोर नाचतही जा." इदवाल हसला नाही. ती घरात आल्यापासून त्याला झोप लागत होती.

सुट्टीत भाची आली. लौरी गुरांची डॉक्टरकी शिकत होती. तिने पांढरीच्या कानामागे टाळी वाजवली, डोळ्यांपुढे बोट फिरवलं, आणि विचारलं, "मामा, आईबाप दोन्ही निळे होते?"

"वेडी आहेस? आई मेल. दिसत नाही का मधासारखी?"

"निळी दिसत नाही, तीच तर गोम आहे. निळेपणा काळ्या रंगावरच उमटतो. मेलच्या केसांत काळा रंगच नाही, मग उमटणार कशावर? पण निळ्या आईकडून निळेपणा तिला मिळालाय, आत आहे. ग्लासकडेही आहे. दोघांकडून मिळाला की पिल्लू पांढरं होतं, बहुतेकदा बहिरं, डोळ्यांनी अधू. चारांत एखादं तसं व्हायचंच."

"दर वेळी तीच येते," इदवाल म्हणाला. "कानावर ठिपका बघ."

"मागचीच्या शेपटीजवळ होता," नेस्टा म्हणाली. "आणि पहिलीला नव्हताच. पिंपातून मीच काढल्या होत्या. पुरल्याही मीच."

लौरीने केकचा तुकडा उगाच दोनदा कापला.

"काळा नर दाखव मेलला," ती शेवटी म्हणाली. "ज्याच्या मागे कुणी निळं नाही असा. निळी पिल्लं तरीही होतील. पांढरं होणार नाही."

पुढच्या खेपेला इदवालने ह्यूजचा काळा मागून आणला. ह्यूजने उपकार केल्याचं तोंड करून दिला. ग्लास दिवसभर कोठारात विव्हळत होता.

पिल्लं झाली तेव्हा इदवालने एकेक उचलून खिडकीशी नेऊन पाहिलं. काळी होती, निळी होती. बापाचा वाण तगला होता. त्याने पेंढा उपसला, मेलच्या पोटाखाली हात घालून चाचपलं, पुन्हा सगळी पाहिली. पांढरी आली नव्हती.

लौरीने सांगितलं तसंच झालं होतं. इदवाल गोठ्यामागे जाऊन पिंपापाशी उभा राहिला. पाणी स्थिर होतं. ती परत येत होती तोवर त्याच्या लेखी पिंपात कुणी मेलंच नव्हतं.

घरात येऊन त्याने जमिनीवर पाय आपटला. पांढरी टेबलाला धडकत आली आणि त्याच्या बुटावर हनुवटी ठेवून बसली.

"नाव ठेवायला हवं हिचं," तो म्हणाला.

"हिचं एकटीचं, की त्या दोघींचंही?" नेस्टाने विचारलं.

इदवाल पांढरीच्या कानावरचा ठिपका अंगठ्याने पुसत राहिला, निघतोय का ते बघत.