पश्चिमेची खोली

मी पदवीधर झालो तो दादामुळे. उमरेडला हातमागावर बसून त्याने मला शिकवलं. पुढे त्याचं मन बिघडलं आणि त्याला नागपूरच्या मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास मला नागपुरातच नोकरी लागली, तोवर तो सावरला होता. "राहायची सोय करा आणि न्या," डॉक्टर म्हणाले. पण तो कुठून येणार हे ऐकताच घरमालक दार लावून घेत.

धरमपेठेत एक बाई अंगणात, ऊन अडवायला खिडकीला लावतात ती वाळ्याची ताटी बांधत बसल्या होत्या. त्यांना मी सगळं खरं सांगितलं. दातातली सुतळी काढून त्यांनी एवढंच विचारलं, "त्याले उन्हाचा तरास होते काय? खोली पश्चिमेची हाय."

कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "काहून वं, पागल ठेवून राहिली काय घरात?"

"तुहा नवरा रोज पिऊन माह्यं फाटक वाजवते. त्याले नाही ठेवलं तू?"

मी भीतभीत विचारलं, "पुन्हा दवाखान्यात जावं लागलं तर?"

त्यांनी गाठ करकचून ओढली. "मंग कुलूप लावून ठेवीन. माणूस गावाले गेला म्हणून त्याची खोली दुसऱ्याची होते काय?"

मी दादासाठी आसरा शोधत होतो. त्याचा एखाद्या खोलीवर हक्कही असू शकतो, हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

त्याच दिवशी मी त्याला लिहिलं: "दादा, खोली मिळाली. घरमालकीणबाई खिडकीला वाळ्याची ताटी लावताहेत. चावी मी मागितली, पण त्या देईनात. म्हणाल्या, भाडेकरू तो हाय, त्याच्याच हातात देईन. रविवारी न्यायला येतो."