फिलूबायचं खोटं रडणं

फोन लीनाचा होता, बस्त्यावच्या बायकोचा. "टीचर, आय गेली. पहाटंच गेली. तुमी या... पन दारात येऊन रडू नका. बोट अजून भायेर हाय." मी साडी बदलली आणि रिक्षा करून पाचूबंदरला गेले. उभं आयुष्य आवाजावर काढलेल्या मासळीवाल्यांची ती गल्ली. तिथे मयत झालंय म्हणजे कोपऱ्यावरूनच आक्रोश ऐकू यायला हवा होता. मला ऐकू आली ती कोणाच्या तरी घरातली कुकरची शिट्टी. आत बस्त्यावची आई फिलूबाय पांढऱ्या चादरीखाली, उशाशी मेणबत्ती, बोटांत रोजारची जपमाळ... आणि भिंतीला टेकून बायका बसलेल्या, पदर तोंडात कोंबून. एकीला हुंदका फुटायला लागला तशी शेजारणीने तिचं मनगट असं दाबलं की ती कळवळली, पण गप्प झाली. मधूनच एखादी उठून धक्क्यावर जाऊन यायची आणि दारातूनच मान हलवायची. बस्त्यावची बोट आदल्या संध्याकाळी यायची होती, ती आलेली नव्हती. मी पुष्कळ मयती पाहिल्या आहेत, पण मेलेलं माणूस समोर असताना सगळ्यांच्या जिवाला घोर मात्र जिवंताचा, असं घर मी पाहिलं नव्हतं.

फिलूबाय म्हणजे फिलोमिना. मी वसईत नवीन फ्लॅट घेतला तेव्हापासून ती आमच्या इमारतीत टोपली घेऊन यायची. तिचा एकुलता एक बस्त्याव माझ्याच वर्गात होता, शेवटच्या बाकावर, गणिताच्या वहीत बोटी काढत बसणारा. तिने हे कधी सोडलं नाही. "माझ्या पोराला पस्तीस मार्क देताना हात आखडता, आन् पापलेट मात्र मोठं मागता," असं ती जिन्यावर सगळ्यांसमोर म्हणायची आणि मोठंच पापलेट द्यायची. बस्त्याव पोटात असतानाच नवरा दर्यात गेलेला. देह मिळालाच नाही. त्यामुळे असेल, पण गावात कोणी गेलं की आधी फिलूबायला निरोप जायचा. मेलेल्याचं नाव घेऊन, त्याच्या बारीकसारीक खोडी सांगत ती रडायला लागली की मग बाकीच्यांचं रडू सुटायचं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला पाचूबंदरला एका मालिकेचं शूटिंग आलं. आजोबांच्या काळातलं कोकण, शिडाच्या होड्या जाऊन मशीनच्या बोटी येताहेत, थोरला मुलगा बापाचं न ऐकता गावातली पहिली मोटरबोट आणतो, अशी गोष्ट. त्यांनी दोन बोटी ठरवल्या, त्यातली एक बस्त्यावची. मग बोटींना म्हातारं करायचं काम सुरू झालं. प्लास्टिकची पिंपं आणि नायलॉनची जाळी उतरवली, निळ्या-पिवळ्या रंगावर तपकिरी फासला, नाव खरवडून 'सागरलक्ष्मी' लिहिलं. पुढच्या टोकावरचा लाकडी कुरूस, म्हणजे क्रॉस, काही निघेना, तेव्हा त्याच्यावर झेंडूचा जाड हार बांधून तो झाकून टाकला. "देवाचं तोंड बांधलं यांनी," फिलूबाय म्हणाली, तेव्हा हसत होती. मालिका लागली तेव्हा शहरातले लोक 'काय ते दिवस' म्हणून हळहळले. पाचूबंदरला हसून हसून पोटं दुखली. मालिकेतलं मशीन एका झटक्यात चालू व्हायचं, कोणाचे हात काळे व्हायचे नाहीत, आणि बोट धक्क्यावरून निघताना ओहोटी असायची ती चार हात पुढे गेली की भरती व्हायची.

थोरल्या मुलाची, रघूची, बोट वादळात नाहीशी होते, त्या भागाचं शूटिंग मे महिन्याच्या सुट्टीत होतं, म्हणून मीही बघायला गेले. नटाला बोट लागली, ओकून ओकून तो आडवा झाला. मग त्याचे कपडे बस्त्यावला चढवले. लांबून पाठमोरा दिसणार, कोणाला कळतंय? पोरगा हरखून गेला. बोट दूर जाणार आणि किनाऱ्यावर बायका 'रघू, रघू' करून रडणार, असं ठरलं होतं. पण बोट पाण्यात निघाल्यावर एकही बाई तोंड उघडेना. "मानूस दर्यावर असताना रडत नाय आमी," एक म्हातारी म्हणाली आणि पाठ फिरवून बसली. उजेड उतरत चालला. दिग्दर्शक वैतागला, उद्या दुसऱ्या गावची बोट बघू म्हणाला. ते ऐकून फिलूबाय पुढे झाली. पोराची हौस मोडू नये, एवढंच तिच्या मनात होतं. मला म्हणाली, "नाटक हाय ता, टीचर. रघूला रडायला माझं काय जातंय?"

पहिल्यांदा तिने 'रघू रे' म्हटलं ते 'बोंबील घ्या' म्हटल्यासारखं झालं. सगळे हसले, तीसुद्धा. दुसऱ्यांदाही तसंच. दिग्दर्शक समजुतीने म्हणाला, "मावशी, तुमचं कोणीतरी आठवा ना." तिने मान वर करून पाण्याकडे पाहिलं. बोट चांगली लांब गेली होती, त्यावर बस्त्यावची पाठ तेवढी दिसत होती... आणि तिच्या तोंडून निघालं, "बस्त्याव रे... माझ्या पोरा, मना टाकून कुठं चाललास रे..." लहानपणी तो माशाच्या काट्याला भ्यायचा, तेसुद्धा त्या रडण्यात आलं. माझ्या मागच्या बायका उठून मागे सरकल्या. दिग्दर्शक 'अप्रतिम' म्हणाला, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ती जाळ्यांच्या ढिगावर बसली आणि म्हणाली, "ता पुसून टाका." "अहो, वरून संगीत येणार आहे. नाव कोणाला कळणारसुद्धा नाही." "मना कळलं ना," ती म्हणाली. थोड्या वेळाने बस्त्याव हसत हसत धक्क्याला लागला. तिने त्याच्या छातीवर हात ठेवून पाहिला.

तो भाग लागला त्या संध्याकाळी त्यांची अख्खी गल्ली अंधारात होती. लोकांनी वीजवाल्यांचा उद्धार केला. फ्यूज फिलूबायच्या पोलक्यात होता, हे तिने मला दोन दिवसांनी कोळंबी निवडता निवडता सांगितलं. आम्ही दोघी हसलो, पण तिचं हसू लगेच आटपलं. पुढे ती मालिका दुपारची परत दाखवायला लागले, मग दुसऱ्या वाहिनीवर. दर वेळी आपलं तेच रडणं पुन्हा बाहेर पडतंय, असं तिला वाटायचं. फादर म्हणाले, ही अंधश्रद्धा आहे, रोजार म्हणा. ती म्हणत राहिली. मला मात्र म्हणाली, "देवाला ठावं हाय मी खोटं रडली. दर्याला कोन सांगल?" पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी मालिकेतली दुसरी बोट खडकावर आपटून फुटली. माणसं वाचली. फिलूबाय दारात आली आणि टोपली खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "एक गेली."

तेव्हापासून ती कोणाच्याही मयताला रडली नाही. सख्खा भाऊ गेला तेव्हाही कोरड्या डोळ्यांनी बसून राहिली. बस्त्याव बाहेर असला की ती धक्क्यावर, भर उन्हात, पावसात. तिने सरळ गणित मांडलं होतं आणि ते गल्लीतल्या सगळ्या बायकांना पाठ होतं. आपण पोराच्या आधी गेलो तर ते रडणं खोटं ठरेल, पोरगा आधी गेला तर खरं. साखर वाढली, पायाची जखम भरेना, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या ती पिठाच्या डब्यात लपवायची. हे कळल्यावर मी तिच्यावर ओरडले, मरायचंय का म्हणून. "व्हय," ती शांतपणे म्हणाली, "त्याच्या आधी." मला तिचा राग आला, अजूनही येतो.

म्हणून त्या दिवशी घरात कोणी रडत नव्हतं. ती गेली होती, पण आधी गेली होती का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बस्त्यावचा मोबाइल लागत नव्हता. फादर येऊन गेले, दफन कधी करायचं ते विचारायचं त्यांनाही सुचलं नाही. दुपार कलली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होते... आणि लांबून मशीनचा आवाज आला. लीनाने मान उचलली. घरच्या बोटीचा आवाज घरच्या माणसाला ओळखू येतो. तरी कोणी तोंड उघडलं नाही. चिखलाने भरलेल्या पायांनी बस्त्याव दारात उभा राहिला. मशीन मध्येच बंद पडलं होतं हे सांगायला लागला आणि त्याला चादर दिसली. तो तसा, अख्खा, उभा दिसल्यावर मग बायकांनी जो टाहो फोडला, तो पहिल्या क्षणी मला आनंदाचाच वाटला. थोडा होताही. मीही त्यांच्यात होते.

चर्चमध्ये तिच्या महिन्याची मिस्सा झाली त्या रविवारी बस्त्याव माझ्याकडे आला. पस्तिशी ओलांडलेला माणूस, पण माझ्या घरी अजून सोफ्याच्या कडेवर बसतो. "आयचं फोटो हायेत, टीचर. आवाज कुठंच नाय," तो म्हणाला. तो भाग त्याने आयुष्यात पाहिलेला नव्हता, तिने पाहू दिलाच नव्हता. आम्हाला त्या काळी मालिका टेप करून ठेवायची खोड होती. कपाटाच्या वरच्या कप्प्यातून मी कॅसेट काढली. चित्रावर पट्टे उमटत होते. बोट, त्याची पाठ, मग संगीत... आणि संगीताच्या खालून तिचा आवाज. "बस्त्याव रे..." माझ्याच्याने ऐकवेना, मी बंद करायला उठले, तर त्याने हातानेच थांबवलं. आई हाक मारते तेव्हा दुसऱ्या खोलीतून द्यावी तशी त्याने टीव्हीकडे बघत ओ दिली. "ओ, आय. हाय मी."

आता तो दर रविवारी मिस्सेनंतर येतो. कॅसेट घरी घेऊन जा म्हटलं तर नको म्हणतो. फीत झिजत चालली आहे, दर खेपेला नाव आणखी पुसट होतं. मी लावून देते आणि चहा टाकायला आत जाते. ओट्यापाशी उभी असताना मला आधी तिची हाक ऐकू येते, आणि मग जरा थांबून त्याची ओ.