कानबाईच्या सोमवारची हजेरी

चहा ओता, पण आधी एक कबूल करा. मधेच हसायचं नाही. कारण माझ्या या फजितीवर आमच्या शाळेचा शिपाई वसंतराव हसला होता, आणि त्या माणसाला हसताना मी एकोणीस वर्षांत पाहिलेलं नव्हतं.

तुम्हाला माझा स्वभाव ठाऊकच आहे. मला स्वस्थ बसवत नाही. बायको म्हणते, तुम्ही झोपेतही चालता. साफ खोटं! झोपेत मी फक्त पाय हलवतो. तर असा मी, शिंदखेडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि नववीचा वर्गशिक्षक आहे.

आमच्याकडे नववीला आजूबाजूच्या सात-आठ खेड्यांतून पोरं येतात. एसटीचा पास, नवं दप्तर, आणि डोळ्यांत सगळा गोंधळ! आठवीपर्यंत गावातल्या शाळेत सगळे घरचेच. इथे एकदम घटक चाचणी, सत्र परीक्षा, प्रयोगवही, तोंडी परीक्षेचे गुण, पंचाहत्तर टक्के हजेरी. बिचाऱ्यांना कळणार कसं? मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या मॅडम, जूनमध्येच मला म्हणाल्या, "सर, नव्या मुलांना हे सगळं नीट समजावून सांगा. फक्त घाबरवू नका."

शेवटचं वाक्य ऐकायला मी थांबलोच कुठे? मी तोवर जिन्यात पोचलो होतो!

त्याच संध्याकाळी मी एकोणीस नियमांचा तक्ता तयार केला. लॅमिनेशन करून वर्गाच्या मधोमध तुळईला टांगला. त्यातले दोन नियम लक्षात ठेवा, पुढे लागतील. नियम सातवा: सण, लग्न, हळद, जत्रा ही गैरहजेरीची कारणे चालणार नाहीत. नियम आठवा: गैरहजर राहणाऱ्यास दुसऱ्या दिवशी पालकांना आणल्याशिवाय वर्गात बसता येणार नाही.

आणि वर भाषण! "पोरांनो, एक दिवस जरी बुडवलात ना, तर दहावीचा फॉर्म भरला जाणार नाही. मग बसा घरी!"

आता हे काही खरं नव्हतं. मला ठाऊक होतं. पण बोलण्याच्या भरात माणूस थोडं वाढवून सांगतोच की नाही? तुम्ही नाही सांगत?

परिणाम असा झाला, की जुलैत बावन्नपैकी बावन्न हजर. मी खूश! मग एका पोराचे डोळे आले. लालभडक डोळे घेऊन तो पहिल्या बाकावर हजर. मी म्हटलं, "अरे, घरी जा!" तर रडायला लागला. "सर, फॉर्म भरू द्या ना!" चार दिवसांत वर्गात एकशे चार लाल डोळे माझ्याकडे बघत होते. पाचव्या दिवशी माझेही दोन त्यांना जाऊन मिळाले. एका रविवारी तर सहा मुली बंद फाटकाशी दप्तर घेऊन बसलेल्या वसंतरावाला सापडल्या. त्यांना वाटलं, रविवारही धरतात!

त्या वेळी तरी मी शहाणं व्हायचं होतं. पण मी हजेरीपटाचे फोटो काढून शिक्षकांना दाखवत फिरत होतो.

आणि श्रावण आला. नागपंचमी झाली, की आमच्या खानदेशात कानबाई, म्हणजे आमची देवी, घरोघरी बसते. रविवारी स्थापना, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन. सुट्टीच्या यादीत हा सोमवार नसतो, पण त्या दिवशी शाळेत कोण येतं? बाकं आणि आम्ही.

शुक्रवारी छायाचे आबा शाळेत आले. छाया म्हणजे आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार पोर. तिच्या घरात नववीपर्यंत आलेली पहिलीच मुलगी. कानबाई त्यांच्याच घरी बसते, आणि मिरवणुकीत सगळ्यांत पुढे नाचायचा मान छायाचा. आबा टोपी हातात घेऊन म्हणाले, "सर, सोमवारले आम्हनी पोरले सुट्टी द्या. कानबाई शे. रविवारफाईन रडी रायनी ती."

मी म्हटलं, "आबा, नियम सातवा."

"एक दिन शे, सर!"

"एक दिवसानंच फॉर्म जातो, आबा!"

मोठ्या मॅडम तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, त्या दिवशी कोणीच येत नाही. कशाला ताणता?"

झालं! माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मॅडम, सोमवारी माझ्या वर्गातला एक जरी कमी भरला, तर मी वर्गशिक्षकपद सोडतो."

"लिहून द्या," मॅडम म्हणाल्या. आणि मी दिलं हो लिहून! एकोणीस वर्षं जिवापाड सांभाळलेला वर्ग मी अर्ध्या कागदावर पणाला लावला. मला तो वर्ग सोडायचा नव्हता. त्या पोरांशिवाय मी दिवसभर करणार काय? नुसता हजेरीपट समोर दिसला, तरी मला बरं वाटतं.

शनिवार-रविवार मी घरात येरझारा घालत होतो. येतील का? कोण चुकेल? सगळ्यांत मोठी शंका छायाची. तिच्याच घरची कानबाई, ती कशी येईल? सोमवारी सकाळी साडेसातला मी गाडीला किक मारली. म्हटलं, आपणच जावं, आबांचे पाय धरावे आणि छायाला मागे बसवून अकराच्या घंटेला शाळेत आणावं.

आठ वाजता त्यांच्या दारात. अंगणात ढोल तापतोय, बायका नटून उभ्या, आणि आबा माझ्याकडे असे बघताहेत, जणू मीच त्यांची पोर पळवून नेली.

"आबा, छाया कुठे आहे?"

"कोठे शे म्हंजे? सातनी गाडीवर शाळाले गयी. बठ्ठी पोरे गयीत. तुमना धाकमुये!"

मला तर नाचावंसं वाटलं. बावन्न! बावन्नच्या बावन्न! पैज जिंकली! मी वळून गाडीकडे निघालो, तेवढ्यात आबांनी मनगट धरलं.

"सर, कोठे चालनात? गावनी बठ्ठी पोरे तुम्ही शाळामा लयी ग्यात. आते कानबाईना पुढे नाचाले कोन शे? मना गुडघा?"

मी बघितलं. खरंच हो! अंगणात सगळे पन्नाशीच्या पुढचे. ढोलवाला आहे, गुलाल आहे, नाचणारं एकही पाऊल नाही. बायका माझ्याकडे बघत होत्या. चौरंगावरची कानबाई, नथ घातलेली, तीही माझ्याकडेच बघत होती. मी खानदेशी माणूस, तिला नाही कसं म्हणणार?

मी घड्याळात पाहिलं. सव्वाआठ. अकराला भरपूर वेळ आहे. म्हटलं, पाच मिनिटं नाचतो आणि निघतो.

पाच मिनिटं! अहो, ढोल सुरू झाला आणि माझे पाय माझे राहिलेच नाहीत. लहानपणी शिकलेलं सगळं आपोआप यायला लागलं. एका अक्कांनी हात धरून फुगडी घातली. साठीच्या होत्या, पण अशा गरगरल्या, की माझा चष्मा कुणाच्या तरी छपरावर गेला. शुद्धीवर आलो तेव्हा मिरवणूक बोळात शिरलेली, पुढे ढोल, मागे अख्खं गाव. आणि माझी गाडी पार आबांच्या दारात! परत जायला वाटच नाही. नदीपर्यंत जाण्याशिवाय इलाज नव्हता. दर चौकात थांबायचं, दर घरापुढे ओवाळायचं. खिशात फोन वाजत होता म्हणे. अकरा वेळा! ढोलात कोणाला ऐकू येणार?

पावणेदोनला मी शाळेच्या फाटकात पोचलो. चष्मा नाही, डोक्यापासून बुटापर्यंत गुलाबी. वसंतरावाने मला बघितलं आणि तो हसला. एकोणीस वर्षांचं साठलेलं हसला.

वर्गात मोठ्या मॅडम माझ्या खुर्चीवर बसलेल्या. समोर बावन्न पोरं, हाताची घडी घालून, चिडीचूप.

"हजर बावन्न," मॅडम हजेरीपट बघून म्हणाल्या. "तुमचा कागद मी फाडला, सर. वर्ग तुमचाच."

मला हायसं वाटलं, पण फार वेळ नाही. पहिल्या बाकावरून छाया उभी राहिली. डोळे सुजलेले. या वेळी ते आले नव्हते, रडून सुजले होते.

"सर, कानबाई गयी का?"

"गेली गं."

"पुढे कोन नाचनं?"

सांगायची गरजच नव्हती, कानातूनसुद्धा गुलाल पडत होता. पोरीने माझ्या बुटांपर्यंतचा गुलाल पाहिला. मला फार वाईट वाटलं, खरंच सांगतो. तिच्या घरची कानबाई, तिचा मान, आणि तिला शाळेत डांबून तिच्या वाटचा नाच मी नाचून आलो होतो!

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "छाया, तो नियम आठवा जरा मोठ्यानं वाच."

छायाने वाचला. इतका स्पष्ट तिने धडासुद्धा कधी वाचला नव्हता.

तर मंडळी, मंगळवारी सकाळी मी, वय वर्षे सत्तेचाळीस, पालकांना घेऊन शाळेत गेलो. पालक म्हणजे माझी आई. नववारी नेसून, पिशवी सांभाळत ती वर्गात आली. मॅडमनी खुर्ची दिली आणि विचारलं, "आई, तुमचा मुलगा काल गैरहजर होता. कानबाईचं कारण सांगतोय."

मी आईला डोळ्यांनी खुणावतोय, गप्प बस म्हणून. पण ती कसली ऐकते?

"बाई, हाऊ बाळू धाकला व्हता तवयफाईन असाच शे. कानबाईना सोमवारले एकबी साल शाळामा गया नही. मास्तर घर ये, तं हाऊ कोठीमांगे दपी जाये!"

मास्तर घरी आले, की मी कोठीमागे लपायचो, हे ऐकून वर्ग फुटला! बावन्न पोरं बाकावर डोकं ठेवून हसत होती. "बाळू! बाळू!" मागून कुणीतरी ओरडलंसुद्धा.

आईने पुढे विचारलं, "पन बाई, शाळामा कितला दिन येनं पडस?"

"शंभरातले पंचाहत्तर, आई."

"मंग पंचवीस उरनात ना! त्यामा कानबाईना एक दिन बसस नही का?"

अडीच महिने मी एकोणीस नियम घोकून घेत होतो. आईने ते एका वाक्यात समजावलं. पोरांचे चेहरे एकदम मोकळे झाले. मोकळे म्हणजे, इतके मोकळे मी जूनपासून बघितले नव्हते.

मॅडमनी वर्गाला विचारलं, "मग? सरांना वर्गात बसू द्यायचं का?"

सगळ्यांनी छायाकडे पाहिलं. तिने थोडा विचार केला.

"बसू द्या, मॅडम. पण आजचा दिवस शेवटच्या बाकावर."

बसलो. बायको नवा चष्मा घेऊन आली होती, तो लावून बसलो. आणि काय सांगू, एकोणीस वर्षं मी त्या बाकावरच्या पोरांना "फळ्याकडे बघा, फळ्याकडे बघा" म्हणून ओरडत आलोय. तिथून फळा दिसतच नाही हो! मधे माझा नियमांचा तक्ता येतो.