भरतीच्या आधी धरलेली पात

आमची गाडी म्हणजे शाळेची जुनी मिनीबस. सीटा काढून आत झोपायला बाकं, गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून घेतली. सात रस्ता चौकाजवळ एका ऑफिसात मी नोकरी करते. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली पहिली मी, आणि एवढी मोठी गाडी चालवणारी बाईही पहिली मीच. दोन्ही गोष्टी मी कुणी न विचारता सांगते.

संक्रांत झाली की मी, नवरा आणि माझी आई, म्हणजे अव्वा, असं तिघांनी कोकण किनाऱ्यानं निवांत फिरायचं ठरवलं. श्रीपूरच्या दिरांनी निघतानाच टोला हाणला, "वहिनी, यंदा कुठला कारखाना धरलाय?" ऊसतोडवाल्यांसारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालोय, असं त्यांना म्हणायचं होतं. मी म्हटलं, जो गोड वाटेल तो.

दिवसाला एखादं गाव पुढं सरकायचं आणि समुद्राजवळ गाडी लावायची, एवढाच कार्यक्रम. अव्वा मैंदर्गीची. तिनं जन्मात समुद्र बघितला नव्हता. पहिल्या दिवशी मला वाटलं, पाणी बघून थक्क होईल. तिनं पाण्याकडं धड बघितलंही नाही. खाली वाकली आणि शिंपले वेचायला लागली, काढणी झाल्यावर रानात राहिलेल्या भुईमुगाच्या शेंगा वेचतात तशी. मग रोज उजाडलं की आंघोळ करून ती किनाऱ्यावर. पदराच्या ओटीत शिंपले, शंख, गुळगुळीत दगड. गाडीच्या पायरीशी ढीग वाढत चालला.

वेचून आली की मी तिला इन्सुलिनची सुई द्यायचे. अर्ध्या तासात पोटात काहीतरी जायलाच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्या मधल्या वेळात ती पूजा करायची. आमचं लिंगायत घर. अव्वाच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, तान्ही असताना बांधलेलं. ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घेत नाही. आणि लिंग हरवलं तर सापडेपर्यंत अन्नपाणी बंद, हा जुना नेम. मी स्वतः कॉलेजात गेल्यापासून लिंग घालत नाही. त्यावरून आमचं वाजून झालेलं आहे.

त्या सकाळी मी सुई दिली. अव्वा पूजेला बसली, गळ्याशी हात नेला आणि हात तिथंच राहिला. दोरा होता. डबी नव्हती.

शिंपल्यांचा ढीग उपसला, गाडी झाडली, साडी झटकली. काही नाही. ती सकाळी जिथून फिरली होती, तिथं आता भरतीचं पाणी चढायला लागलं होतं.

"पात धरा," अव्वा म्हणाली.

खुरपणीला बाया ओळीनं बसतात. एकेकीच्या वाट्याला येणारा पट्टा म्हणजे पात. ती शेवटाला नेल्याशिवाय कुणी उठत नाही. तसेच आम्ही तिघं वाळूत ओणवे झालो, पाण्याकडून वर सरकत. लाट आली की प्रत्येकाच्या पातीतला खालचा तुकडा जायचा. मी वाळूवर कमी आणि अव्वाकडं जास्त बघत होते. गार वारा सुटलेला आणि तिच्या कपाळावर घाम.

"अव्वा, गुळाचा खडा तोंडात टाक."

"डबी मिळू दे की."

"तोवर तू पडशील."

"पडले तर हितंच पडंन. तू तुझी पात बघ."

तिच्याशी वाद घालण्यात वेळ जाणार, हे मला कळत होतं. तिच्यावर एकाच माणसाचा शब्द चालतो. मैंदर्गीच्या मठातले अय्या, म्हणजे आमच्या घराचे गुरू. त्यांच्या वडिलांनी तिला लिंग बांधलं होतं. म्हटलं, अय्यांना फोन करते, ते सांगतील तसं कर. किनाऱ्यावर रेंज नव्हती, वर घाटीत जावं लागणार होतं.

"तू एकटी जाऊन येशील आणि अय्या खा म्हणाले म्हणशील. शिकलेली हायस, तुला काय बी जमतंय."

"मग चल. तुझ्या कानानं ऐक."

ती पाण्याकडं बघत राहिली. उठली असती तर पात सुटणार होती. तेव्हा माझा नवरा, दिवसभरात चार वाक्यं बोलणारा माणूस, म्हणाला, "अव्वा, तुमची पात मी धरतो. तिन्ही नेतो शेवटाला." त्यावर ती उठली.

इतके दिवस जी गाडी मी बैलगाडीसारखी हाकली, ती त्या तांबड्या चढावर पळवली. मागं भांडी आदळत होती. अव्वाचं डोकं छातीवर यायला लागलं. तिनं जागं राहावं म्हणून मी काहीही विचारत होते, माहेरच्या विहिरीला पायऱ्या किती, म्हशीचं नाव काय. आधी मराठीत उत्तरं आली, मग कन्नडमध्ये, मग नुसता हुंकार.

वरच्या वळणावर रेंज आली. पहिल्यांदा फोन वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा अय्यांनी उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं आणि फोन तिच्या कानाशी धरला.

"मदल ऊटा माडव्वा," अय्या म्हणाले. आधी जेव.

लिंग नाही तर पूजा कशाची, असं ती अडखळत कन्नडमध्ये विचारत होती. अय्या शांतपणे म्हणाले, तळहात आहे ना? इतकी वर्षं ते त्याच्यावरच बसत होतं. त्यालाच भस्म लाव, आणि जेव. परत आलीस की नवं बांधतो.

तिनं डावा हात पसरला. भस्म मी लावणार होते, तिनं लावू दिलं नाही. निम्मं भस्म मांडीवर सांडलं. त्या रिकाम्या तळहाताकडं ती बघत बसली आणि मी गूळ हातात धरून होते. घाई कर म्हणायचं ओठावर आलेलं मी गिळलं. मग तिनं तोंड उघडलं.

गूळ, परत गूळ, मग कडक भाकरीचा तुकडा. बऱ्याच वेळानं ती माझ्याकडं वळून म्हणाली, "म्हशीचं नाव कशाला विचारत हुतीस गं?" तेव्हा कुठं मी गाडी वळवली.

खाली आलो तेव्हा वाळू कुठं दिसतच नव्हती. सगळं पाणी. नवरा कमरेएवढ्या पाण्यात वाकून दोन्ही हातांनी तळ चाचपत होता. लाट आली की ताठ व्हायचा, गेली की परत वाकायचा. डबी मिळाली नव्हती, हे विचारावं लागलं नाही.

अव्वा पायरीवरून उतरली आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"पाव्हणं," तिनं जावयाला हाक मारली, "पात सोडा आता. भाकरी खाऊन घ्या."