पाऊलबाईंचा चिखल

आमची आत्या माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी बघायची. आधी बघायची ती ओली फरशी, जिच्यावरून तो चालत आला. मी अकोल्याहून अचलपूरला तिच्याकडे गेलो की दारातच पोचा लावलेला असायचा. लोक पाहुण्याला पाणी देतात, ही त्याला आधी चालवून बघायची. "डाव्या टाचीवर जोर कमी देऊन राहिला तू. काऊन रे, पोटरी दुखते काय?" दुखत असायची. एकदा म्हणाली, "दिवाळीपासून वजन वाढलं तुयं." मी नाही म्हणालो. माझी बायको मागे चपला काढत होती, तिने मान डोलावली. त्या घरात मला वकील कधी मिळालाच नाही.

आत्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि मुली तिला पाऊलबाई म्हणायच्या. तिचा एक धडा ठरलेला होता. मैदानाच्या कोपऱ्यात नळाखाली चिखल करायचा आणि एका मुलीला त्यातून चालवायचं. दुपारी तिलाच पुन्हा चालवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग सगळा वर्ग त्या पावलांभोवती उकिडवा बसवायचा. "पोरगी तेच. मंग हे तीन पावलं अलग अलग काऊन?" कोणीतरी म्हणायचं, "चिखल बदलला, बाई." "हां. म्हणजे पावलात पोरगी कमी दिसते, चिखल जास्त दिसते." या धड्यासाठी हेडमास्तरीणबाईंनी तिला दोनदा समज दिली, गणवेश खराब होतात म्हणून. तिने दोन्ही वेळा मान हलवली आणि नळ सोडला.

निवृत्त झाल्यावर तिचा प्रत्येक रविवार सातपुड्याच्या पायथ्याच्या एका नाल्यात जायचा. एसटीने फाट्यापर्यंत, पुढे पायी. पिशवीत शिवणकामाची टेप, खडू, पारदर्शक प्लास्टिक आणि भाकरी-ठेचा. त्या नाल्याच्या तळाशी एका सपाट दगडात तीन बोटांची अकरा पावलं उमटली होती. गावातली माणसं त्यांना भीमाच्या कोंबड्याची पावलं म्हणायची. मी हसलो तर आत्या मलाच रागावली. "हसू नको. त्यायनं निदान पाह्यलं तरी. तू त्याच्यावर बसून जेवून राहिला." मी खरंच बसलो होतो. मला वाटलं, बसायलाच खोलगट केलंय कोणी.

मग तिने मला तो दगड वाचून दाखवला. आपल्या कपाशीच्या काळ्या मातीखाली काळा खडक, तो पूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्याही खाली हा दगड, म्हणजे लाव्हा यायच्या आधीचा चिखल. एका बाजूला बारीक वळ्या होत्या, वाऱ्याने उथळ पाणी हलतं तशा. "इथं तळं होतं. या वळ्या त्याचा काठ. डायनासोर काठाकाठानं चालला. इथं पाऊल खोल रुतलं, बाजूचा चिखल वर आला. मंग इकडं वळला, अन् इथं पाऊल उथळ, म्हणजे जमीन सुकलेली. आता या भेगा पाह्य. पावलाच्या आतून गेल्या. म्हणजे तो गेल्यावर लई दिवस ऊन पडलं, पाणी हटलं." तिने टेप गुंडाळली. "हाडकं सांगते कोण मेलं. पाऊल सांगते त्या दिवशी हवापाणी कसं होतं. पण एकटं पाऊल काहीच नाही सांगत, सुध्या. काठ पाह्यजे, वळ्या पाह्यजे, पुढचं पाऊल पाह्यजे." मी "हो हो" म्हणालो. माझं लक्ष ठेच्याकडे होतं. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. कोणीतरी जाणकार त्या नाल्यात यावा, ती पावलं जागेवर बघावीत आणि त्यांची नोंद व्हावी. तिने विद्यापीठांना पत्रं पाठवली. बऱ्याच वर्षांनी एका प्राध्यापकांचं उत्तर आलं: पावसाळा संपला की येतो. ते पत्र आलं त्याच उन्हाळ्यात अमरावतीला तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उतारावर पाय ठेवायचा नाही. आम्ही तिला अकोल्याला आमच्या घरी आणलं. ती खाटेवर बसून भिंतीकडे बघायची. मी मुद्दाम ओल्या फरशीवरून चकरा मारायचो. ती बघायची नाही.

म्हणून मला ती युक्ती सुचली. आत्या पावलापाशी जाऊ शकत नाही, तर पाऊल आत्यापाशी आणायचं.

अचलपूरचे रहीमभाई पिढीजात दगड घडवणारे, आत्याबरोबर एकदा नाल्यात येऊन गेलेले. त्यांना घेऊन मी नाल्यात गेलो. त्यांनी छिन्नी काढलीच नाही. "साहब, मॅडमले पुसलं काय?"

"त्यांच्यासाठीच तर न्यायचंय."

"मंग तं पुसाच. मी पानी मारून धुतो म्हटलं तं थे मॅडम मले हात नाही लावू देत होत्या."

"जबाबदारी माझी," मी म्हणालो. हे वाक्य मी ऑफिसात नेहमी म्हणतो, तिथे त्याचा अर्थ काहीच होत नाही. रहीमभाईंनी सगळ्यात चांगलं पाऊल चहूबाजूंनी तोडायला घेतलं. थर पापडासारखे सुटायला लागले. शेजारची दोन पावलं तडकली. "साहब, थांबू काय?" मी म्हणालो, एवढं एक काढा. मग टेम्पोत, गादीवर ठेवलेल्या दगडाशेजारी बसून मी अकोल्यापर्यंत नवरदेवासारखा आलो.

आत्याने दगडावर तळहात ठेवला. मी कौतुकाची वाट बघत उभा होतो.

"याचं तोंड कोनीकडं होतं?"

मी टीव्हीकडे बोट दाखवलं.

"नाल्यात, बाबू. नाल्यात कोनीकडं होतं?"

अकरांपैकी हे कितवं, तेच मला ठाऊक नव्हतं. तिने पुढच्या पावलाचं विचारलं. तुटलं, म्हणालो. "काढायच्या आंधी फोटो घेतला काय?" घेतला होता, मी उत्साहाने मोबाइल दिला. फोटोत मी होतो, कमरेवर हात ठेवून. तिने दोन बोटांनी चित्र मोठं केलं, माझ्या डाव्या बाजूने बघितलं, उजव्या बाजूने बघितलं. "मधात तू उभा आहे," म्हणाली आणि मोबाइल परत दिला. "रहीमभाईनं टोकलं नाही तुले?"

"टोकलं होतं."

"जेवला काय तू?" तिने विचारलं. यापेक्षा तिने माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

पावसाळ्यानंतर प्राध्यापक आले. मी त्यांना नाल्यात नेलं. तोडलेल्या कडेतून पुराचं पाणी खाली शिरलं होतं आणि उरलेला थर सोलून घेऊन गेलं होतं. भला माणूस होता, मला एक शब्दही बोलला नाही. घरी येऊन त्यांनी आत्याने पावलांचे आकार गिरवलेले सगळे प्लास्टिकचे कागद शांतपणे पाहिले. "बाई, काम फार नेटकं आहे. पण ताडून बघायला जागा उरली नाही. नुसत्या कागदांवरून मला नोंद करता येणार नाही."

"नकाच करू, सर," आत्या म्हणाली. "न पाह्यलेलं लिहू नाही."

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. शेवटच्या आठवड्यात तिने मला वही आणायला सांगितली. "दगड घरी नको ठेवू. अमरावतीच्या कॉलेजात दे. तिथं इचारतीन, कुठचा, कसा आला. तू काय केलं ते लिही. अन् जे माहीत नाही त्याच्यापुढं माहीत नाही लिही. अंदाजानं दिशा नको टाकू, सुध्या. मागून येनारा तिकडंच चालत जाते." मी रडत होतो. ती म्हणाली, "वहीवर नको रडू. शाई पसरते."

तिच्या तेरवीनंतर मी दगड अमरावतीला नेला. कॉलेजच्या संग्रहालयात एका तरुण बाईंनी कार्ड भरायला दिलं. मूळ जागा लिहिली. काठ कोणत्या बाजूला होता, त्यापुढे माहीत नाही. पुढचं-मागचं पाऊल, त्यापुढे होतं, आता नाही. जागेवरून कोणी हलवला, त्यापुढे माझं पूर्ण नाव. त्या बाई म्हणाल्या, "काका, हे नाव नाही टाकलं तरी चालतं. कोणी विचारत नाही." मी म्हणालो, राहू द्या.

दिशेचा रकाना रिकामा होता. "इथं उत्तर टाकू का?" त्यांनी विचारलं. "नाला डोंगराकडून येतो ना, अंदाजे उत्तरच असेल."

मी त्यांच्या हातातून कार्ड परत घेतलं.